होस्टिंग बदलताना गूगलवरील जागा कशी राखावी

वरूड, मोर्शी आणि शेंदूरजनाघाटच्या पट्ट्यातील संत्रा रोपवाटिका, ताडोबाच्या मोहर्ली बाजूला पर्यटकांना खोल्या देणारी कुटुंबे, वायगावची हळद किंवा भिवापूरची मिरची घरपोच विकणारे शेतकरी गट, तालुक्याच्या बातम्या देणारी लहान वृत्तस्थळे अशा अनेकांची आता स्वतःची संकेतस्थळे आहेत आणि त्यांतील बहुतेकांकडे नवा ग्राहक येतो तो गूगलच्या वाटेने. परजिल्ह्यातला शेतकरी मोबाइलवर ‘संत्रा कलम’ एवढे दोन शब्द टाकतो, वर दिसणारी पहिली तीन-चार नावे पाहतो आणि फोन लावतो. त्यामुळे होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर (सतत चालू असणाऱ्या संगणकावर) भाड्याने घेतलेल्या जागेचे, नूतनीकरण महागले, सर्व्हर वारंवार बंद पडू लागला किंवा जुन्या कंपनीकडून उत्तर मिळेनासे झाले, तरी लोक वर्षानुवर्षे तिथेच राहतात, कारण होस्टिंग बदलले तर गूगलवरचे नाव खाली जाईल अशी त्यांना धास्ती वाटते. गूगल मात्र होस्टिंगची कंपनी बदलली म्हणून कोणाचाही क्रमांक कमी करत नाही. नुकसान होते ते बिऱ्हाड हलवताना जे फुटते, हरवते किंवा जुन्या घरातच राहून जाते त्यामुळे, आणि ते जवळजवळ सगळे टाळता येते. मी हे काम या भागातील ओळखीच्या लोकांसाठी बरीच वर्षे करत आलो आहे आणि पुढे दिलेला क्रम त्या अनुभवातून बसलेला आहे.

गूगल नेमके काय पाहते

गूगलच्या लेखी संकेतस्थळाची ओळख म्हणजे त्याच्या प्रत्येक पानाचा पत्ता, त्या पानावरील मजकूर आणि इतर ठिकाणांहून त्या पत्त्याकडे येणारे दुवे. डोमेन (संकेतस्थळाचे नोंदलेले नाव), पत्ते आणि मजकूर तेच राहिले तर सर्व्हर मुंबईत आहे की सिंगापुरात, यावरून त्या ओळखीत फरक पडत नाही. शेअर्ड होस्टिंगमध्ये, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यामागे (सर्व्हरच्या आकडी पत्त्यामागे) शेकडो संकेतस्थळे नांदत असतात, त्यामुळे आयपी पत्ता बदलणे ही गूगलसाठी रोजची बाब आहे. सर्व्हर कोणत्या देशात आहे, हा फार तर एक दुबळा संकेत ठरतो. डोमेनच्या शेवटी डॉट इन असेल, मजकूर मराठीत असेल आणि पानावर गाव, तालुका व फोन क्रमांक स्पष्ट लिहिलेला असेल, तर हे संकेतस्थळ कोणासाठी आहे हे गूगलला त्यावरूनच समजते.

फरक पडतो तो गूगलबॉट, म्हणजे पाने वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, नव्या दारावर येतो तेव्हा त्याला काय उत्तर मिळते यामुळे. प्रत्येक पान मागितल्यावर सर्व्हर एक तीन आकडी संकेत परत देतो. २०० म्हणजे पान व्यवस्थित मिळाले, ४०४ म्हणजे असे पान नाही, ३०१ म्हणजे पान कायमचे दुसऱ्या पत्त्यावर गेले आणि ५०३ म्हणजे सेवा सध्या बंद आहे, नंतर या. काही तास ५०३ मिळाले तर गूगल पाने काढून टाकत नाही, फक्त वाचण्याचा वेग कमी करते. ही स्थिती काही दिवस टिकली तर मात्र पाने यादीतून गळू लागतात. ४०४ पुन्हापुन्हा मिळाले तर पान गेले असे धरले जाते. या सगळ्यांपेक्षा वाईट प्रकार निराळाच आहे. नव्या होस्टिंगवर संकेतस्थळ बसवण्याआधी कंपनीचे स्वागताचे किंवा ‘लवकरच येत आहे’ असे पान असते आणि ते पान बरेचदा २०० हा संकेत देते. डोमेन त्या अवस्थेत वळवले तर गूगलला वाटते की तुमच्या मुखपृष्ठावरचा सारा मजकूर तुम्हीच काढून टाकला. म्हणून नव्या ठिकाणी सर्व काही मांडून, तपासून झाल्याखेरीज डोमेन वळवू नये.

वेगाचा प्रश्न वेगळा आहे. संकेतस्थळाचा वेग हा क्रमांक ठरवणाऱ्या अनेक घटकांपैकी एक आहे आणि तो मजकुरापेक्षा मोठा नाही. मंद सर्व्हरवरचे उत्तम पान वेगवान सर्व्हरवरच्या पोकळ पानाच्या वर राहू शकते. तरीही होस्टिंग निवडताना त्याकडे लक्ष द्यावे. पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा चांगल्या पानासाठीचा निकष आहे आणि सर्व्हरकडून पहिला अंश ८०० मिलिसेकंदांच्या आत यावा, अशी त्यासोबतची शिफारस आहे. अमेरिकेतील सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास एका फेरीला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो आणि सुरक्षित जोडणी जुळण्यास अशा दोन-तीन फेऱ्या व्हाव्या लागतात. शिवारात उभे राहून, एक-दोन कांड्यांच्या नेटवर्कवर रोपांचे दर पाहणाऱ्या माणसासाठी ही फरकाची वेळ मोठी असते. ग्राहक भारतातच असतील तर मुंबईत सर्व्हर असलेली योजना घ्यावी, ती गूगलपेक्षाही त्या माणसासाठी.

हंगाम पाहून दिवस ठरवावा

होस्टिंग कधी बदलावे हे होस्टिंगची मुदत ठरवते, असे बहुतेक ठिकाणी घडते आणि तीच पहिली चूक असते. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना घाईने केलेल्या हलवाहलवीत जुने घर हाताशी राहत नाही. मुदत संपण्याच्या किमान एक महिना आधी नवे होस्टिंग घ्यावे आणि तो महिनाभर दोन्हीकडचे भाडे भरावे लागले तरी भरावे. एवढ्या वर्षांत मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेला खर्च तोच आहे.

त्यातही तुमच्या धंद्याचा हंगाम टाळावा. कलमांची विचारपूस उन्हाळा संपता संपता सुरू होते आणि लागवड पावसाळ्यात होते, म्हणून रोपवाटिकेचे संकेतस्थळ हिवाळ्यात हलवावे. ताडोबाच्या गाभा क्षेत्राचा भाग पावसाळ्यात पर्यटनासाठी बंद असतो, तेव्हा तिथल्या निवासांनी जुलै महिना धरावा. वृत्तस्थळाने निवडणुकीचा आठवडा सोडून द्यावा. आणखी एक गोष्ट हंगामाशी जोडलेली आहे. नुकसान झाले की नाही हे मोजण्यासाठी आधीचे आकडे हाताशी लागतात आणि आपल्याकडचे आकडे हंगामाप्रमाणे आपोआप चढतात-उतरतात. पावसाळा सरल्यावर कलमांचा शोध ओसरतोच. तो दोष नव्या होस्टिंगच्या माथी मारता येत नाही. संकेतस्थळ गूगलवर कसे दिसते हे मालकाला दाखवणारी सर्च कन्सोल ही गूगलची सेवा आहे; तिच्यात १६ महिन्यांचे आकडे राहतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करता येते. संकेतस्थळ अजून सर्च कन्सोलला जोडलेले नसेल तर हलवाहलवीचा विचार नंतर करावा, आधी ते जोडून घ्यावे.

दिवस ठरला की एकच काम करायचे, असेही ठरवावे. होस्टिंग बदलतोच आहोत तर नवे डिझाइन करू, पत्ते इंग्रजीत करू, डॉट इनचे डॉट कॉम करू, असा उत्साह प्रत्येकाला येतो. तीन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या आणि क्रमांक घसरला तर कशामुळे घसरला हे कोणालाच सांगता येत नाही. सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याचे कळवण्याची सोय आहे, ती केवळ डोमेन बदलणाऱ्यांसाठी आहे. नुसते होस्टिंग बदलताना तिला हात लावू नये.

चाव्या कोणाकडे आहेत

गावाकडच्या संकेतस्थळांची एक खास अडचण आहे. संकेतस्थळ बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेलेला असतो, डोमेन त्याच्या ईमेलवर नोंदलेले असते आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या, न उघडल्या जाणाऱ्या खात्यात पडून राहते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चार खात्यांचे पासवर्ड मालकाच्या हाती आहेत याची खात्री करावी. डोमेन जिथे नोंदले ते खाते, जुने होस्टिंग, नवे होस्टिंग आणि सर्च कन्सोल ही ती खाती होत. डोमेनची नोंदणी आणि होस्टिंग या दोन वेगळ्या सेवा आहेत. होस्टिंग बदलण्यासाठी डोमेन दुसरीकडे नेण्याची गरज नसते आणि त्याच वेळी ते नेऊही नये.

त्यानंतर डीएनएसची नोंदवही कोण सांभाळते ते पाहावे. डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे, ईमेल कुठे पोहोचवायचे, मालकी कशी सिद्ध करायची, हे सर्व त्या नोंदवहीत असते. पुष्कळांची ही नोंदवही जुन्या होस्टिंगवरच असते आणि ते होस्टिंग बंद केले की नोंदवहीसुद्धा बंद पडते. अशा वेळी आधी फक्त नोंदवही डोमेनच्या कंपनीकडे किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेकडे न्यावी, त्यातील नोंदी जशाच्या तशा उतरवाव्यात आणि दोन-तीन दिवस सर्व सुरळीत चालू दिल्यानंतरच सर्व्हर बदलावा. नेमसर्व्हर, म्हणजे ही नोंदवही ठेवणारा सर्व्हर, बदलल्याची बातमी सर्वत्र पोहोचण्यास एक-दोन दिवस लागू शकतात आणि तो वेळ आपल्या हातात नसतो. नोंदवही आपल्या हाती असली की सर्व्हरची नोंद मात्र काही मिनिटांत बदलता येते आणि काही बिघडले तर तितक्याच वेळात मागेही फिरता येते.

नोंदी उतरवताना त्या एका कागदावर ओळीने लिहून काढाव्यात. एमएक्स नोंद राहिली तर ईमेल बंद होते. सर्च कन्सोलसाठी डोमेनची मालकी टीएक्सटी नोंदीने सिद्ध केलेली असेल आणि ती नोंद राहिली तर काही काळाने सर्च कन्सोलचा प्रवेश जातो, म्हणजे जेव्हा आकडे पाहण्याची सर्वाधिक गरज असते नेमके तेव्हाच डोळे बांधले जातात. आपल्या भागात विशेष जपावी अशी नोंद एएएएची आहे. ए नोंदीत जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता असतो आणि एएएएमध्ये नव्या, आवृत्ती सहाच्या पद्धतीचा. जिओचे मोबाइल नेटवर्क मोठ्या प्रमाणावर आवृत्ती सहावर चालते. ए नोंद बदलली आणि एएएए जुन्या सर्व्हरची तशीच राहिली तर जिओ वापरणाऱ्याला जुने संकेतस्थळ दिसत राहते, दुसऱ्या कंपनीचे नेट वापरणाऱ्याला नवे, आणि घरातल्या घरात दोन मोबाइलांवर दोन वेगळे दर दिसतात. जुने होस्टिंग बंद झाल्यावर तर जिओच्या ग्राहकाला काहीच दिसत नाही आणि मालकाचे वायफाय दुसऱ्या कंपनीचे असेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही.

सामान हलवताना

पूर्ण बॅकअप म्हणजे फाइली आणि डेटाबेस हे दोन्ही, आणि त्याची एक प्रत आपल्या संगणकावर. परंतु तो बॅकअप घरच्या नेटवरून उतरवून पुन्हा नव्या सर्व्हरवर चढवण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, राउटर बंद पडतो आणि चढवणे अर्ध्यावर तुटते. नंतर छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये काही फाइली शून्य आकाराच्या सापडतात. नव्या होस्टिंगच्या कंपनीला जुन्या सर्व्हरवरून थेट उचलण्यास सांगावे किंवा दोन्हीकडे सीपॅनेल हे होस्टिंग सांभाळण्याचे पॅनेल असेल तर सर्व्हर ते सर्व्हर अशी नक्कल करावी. काहीही केले तरी शेवटी दोन्ही बाजूंच्या फोल्डरांतील फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून पाहावा.

नक्कल करताना डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइल सुटते, कारण नावाच्या आधी टिंब असलेल्या फाइली साध्या यादीत दिसत नाहीत. पानांचे पत्ते चालवणारे आणि जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे वळवणारे नियम बहुधा तिच्यात असतात. ती सुटली की मुखपृष्ठ उघडते आणि आतील प्रत्येक पान ४०४ देते. मालक मुखपृष्ठ पाहून निश्चिंत होतो आणि गूगल आतील पाने एकेक करून सोडू लागते. जुने होस्टिंग विंडोजचे आणि नवे लिनक्सचे असेल तर इंग्रजी नावांतील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरकही आडवा येतो, कारण लिनक्स त्या दोन वेगळ्या फाइली मानते. संकेतस्थळ ज्या भाषेवर चालते त्या पीएचपीची आवृत्ती बदलल्याने जुनी थीम, म्हणजे संकेतस्थळाचा साचा, कोलमडण्याचा प्रकार नेहमीचाच आहे. सुरुवातीला जुनी आवृत्तीच ठेवावी आणि ती अद्ययावत करण्याचे काम स्वतंत्रपणे करावे.

मराठी संकेतस्थळ हलवताना जी काळजी लागते ती इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. डेटाबेसची नक्कल करताना अक्षरसंच, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, चुकला तर देवनागरी मजकूर दोन प्रकारे बिघडतो. एका प्रकारात प्रत्येक अक्षराच्या जागी विचित्र युरोपीय चिन्हांची रांग दिसते; तिथे मूळ माहिती शाबूत असते आणि योग्य अक्षरसंच लावून ती परत आणता येते. दुसऱ्या प्रकारात सर्वत्र प्रश्नचिन्हे दिसतात. तिथे मूळ अक्षरे पुसली गेलेली असतात आणि ती नक्कल फेकून देऊन जुन्या डेटाबेसवरून पुन्हा नक्कल काढण्यावाचून उपाय नसतो. गूगलने हे पान त्या अवस्थेत वाचले तर ज्या ‘संत्रा कलम’ या शब्दांवर पान वर येत होते ते शब्दच पानावर नसतात आणि मग क्रमांक राहण्याचे काही कारणही उरत नाही. संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर बनवलेले असेल तर दोन्हीकडचा अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ आहे का, ते आधी पाहून घ्यावे. डेटाबेस नव्या जागी चढवल्यानंतर अनुस्वार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’सारखी अक्षरे असलेले एखादे लांब पान उघडून शेवटपर्यंत वाचावे. तसेच छायाचित्रांच्या फाइलींना मराठी नावे असतील आणि त्या विंडोजवर झिप करून लिनक्सवर उघडल्या असतील, तर नावे बिघडून छायाचित्रे गायब होतात.

पानांच्या पत्त्यांचे गणितही देवनागरीत निराळे आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटाला तीन जागा लागतात, म्हणजे एका चिन्हाला नऊ. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलंत ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात, त्यामुळे ‘संत्रा’ या दोन अक्षरी दिसणाऱ्या शब्दालाच ५४ जागा जातात. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्यातील नावासाठी २०० जागांची मर्यादा आहे. ‘संत्रा कलमांची निवड कशी करावी’ या शीर्षकाचा पत्ता म्हणूनच ‘संत्रा-कलमांची-निवड-कशी-क’ एवढ्यावर तुटतो. हलवाहलवीच्या वेळी असे अर्धवट पत्ते पाहून कोणीतरी ते दुरुस्त करायला घेतो. तसे मुळीच करू नये. गूगलच्या नोंदीत तोच तुटका पत्ता आहे, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत तोच फिरलेला आहे आणि दुसऱ्या संकेतस्थळांनी दुवाही त्यालाच दिलेला आहे. पत्ता बदलणे अगदीच अपरिहार्य असेल तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ लावावा आणि तो किमान वर्षभर ठेवावा.

डोमेन वळवण्याआधीची पाहणी

नव्या सर्व्हरवरचे संकेतस्थळ जगाला दिसण्याआधी स्वतःला पाहण्याची सोय असते. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमधील होस्ट्स या फाइलीत नवा आयपी पत्ता आणि पुढे डोमेनचे नाव लिहिले की फक्त आपल्या संगणकावर तेच डोमेन नव्या सर्व्हरवरून उघडते. काम झाल्यावर ती ओळ आठवणीने काढावी. सर्च कन्सोलमधून सर्वाधिक भेटींची पन्नास पाने आधीच उतरवून घ्यावीत आणि या पाहणीत ती एकेक करून उघडावीत. मुखपृष्ठ पाहून थांबू नये. शीर्षक, दर, छायाचित्रे, फोन लावण्याचे बटण आणि चौकशीचा अर्ज ही सर्व तपासावीत.

या पाहणीत तीन कुलुपे शोधायची असतात. नवी प्रत तयार होत असताना ती गूगलला दिसू नये म्हणून वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वाचनाच्या पानावर एक खूण केली जाते; ती तशीच राहून जाणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे. दुसरे कुलूप रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलीत असते. तिच्यात सर्व पाने अडवणारी ओळ राहिली नाही ना, हे पाहावे आणि ती फाइल नीट उघडते का हेही पाहावे, कारण ती मागितल्यावर सर्व्हर पाचशेच्या घरातील त्रुटी देत असेल तर गूगल सगळ्या संकेतस्थळाचे वाचन थांबवते. ती फाइल मुळात नसली तर मात्र बिघडत नाही.

तिसरे कुलूप फायरवॉलचे, म्हणजे नको त्या भेटी अडवणाऱ्या पहारेकऱ्याचे, असते आणि त्यात मी स्वतः अडकलो आहे. एका रोपवाटिकेचे संकेतस्थळ मी नव्या होस्टिंगवर नेले होते. चौकशीच्या अर्जातून परदेशी जाहिरातींचा मारा होत होता. नव्या पॅनेलमध्ये देशानुसार भेटी अडवण्याची सोय दिसली आणि ग्राहक तर सगळे विदर्भ, मराठवाडा आणि मध्य प्रदेशातले, म्हणून मी भारताबाहेरून येणाऱ्या सर्वांना अडवले. जाहिराती थांबल्या. मालकाच्या मोबाइलवर, माझ्या संगणकावर, सगळीकडे संकेतस्थळ झकास उघडत होते. गूगलबॉट मात्र बहुतांशी अमेरिकेतील आयपी पत्त्यांवरून येतो आणि त्याला दरवेळी ४०३, म्हणजे प्रवेश नाही, हे उत्तर मिळत होते. मालकाचा फोन आला तेव्हा मी होस्टिंगला दोष देत होतो आणि दोष माझ्या एका टिचकीचा होता. अडवणूक काढल्यावर पाने परत आली, पण एकदम नव्हे. एकेक करून, आठवडे घेत, आणि त्या आठवड्यांतल्या चौकश्या दुसऱ्यांच्या दारी गेल्या. मी तो दिवस विसरलेलो नाही. अर्जातील जाहिराती रोखायच्या तर अर्जावर कॅप्चा, म्हणजे माणूस की यंत्र हे ओळखणारी चाचणी, लावावा, वेस बंद करू नये. गूगलबॉटच्या नावाने खोटे प्रोग्रामही येतात हे खरे आहे. आयपी पत्त्याचा उलटा शोध घेतल्यावर शेवटी गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉम निघते का आणि त्या नावाचा सरळ शोध पुन्हा त्याच आयपी पत्त्यावर येतो का, यावरून खरा-खोटा ओळखता येतो.

सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्रही आधीच तयार ठेवावे. लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र पुरेसे आहे, परंतु ते देताना डोमेन त्या सर्व्हरवर वळलेले आहे का हे साधारणपणे तपासले जाते, त्यामुळे वळवल्यानंतरचा काही वेळ प्रमाणपत्राविना जातो आणि भेट देणाऱ्याला लाल इशारा दिसतो. डीएनएस नोंदीद्वारे मालकी सिद्ध करून प्रमाणपत्र आधी मिळवता येते किंवा जुन्या सर्व्हरवरचे प्रमाणपत्र त्याच्या खासगी किल्लीसह नेता येते. सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला व नसलेला आणि एचटीटीपी व एचटीटीपीएस असे पत्त्याचे चारही प्रकार उघडून पाहावेत. चारही शेवटी एकाच, पूर्वीच्याच रूपावर पोहोचले पाहिजेत.

प्रत्यक्ष वळवणे

ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी ए आणि एएएए नोंदींचा टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवावी तो काळ, कमी करावा. तो बरेचदा ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असतो. तो ३०० करावा. रात्री वर्दळ कमी असते म्हणून लोक मध्यरात्र निवडतात, पण मी आठवड्याच्या मधल्या दिवसाची सकाळ सुचवतो. सकाळी डोके ताजे असते, होस्टिंगच्या कंपनीचा माणूस फोनवर भेटतो आणि इन्व्हर्टर चार्ज झालेला असतो. मोबाइलचा हॉटस्पॉटही तयार ठेवावा.

वळवण्याआधी जुन्या संकेतस्थळावर नवी नोंद करणे थांबवावे. बातमी टाकू नये, दर बदलू नयेत, मागणी घेत असाल तर तेवढा वेळ ‘फोनवर मागणी नोंदवा’ अशी सूचना लावावी; नाहीतर कोणाची तरी मागणी जुन्या डेटाबेसमध्ये पडून राहते. डेटाबेसची अखेरची नक्कल नव्या जागी चढवावी, मगच ए आणि एएएए या दोन्ही नोंदी बदलाव्यात. लगेच जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल अशा जमतील तितक्या नेटवर्कवरून संकेतस्थळ उघडून पाहावे. त्यानंतर सर्च कन्सोलमध्ये मुखपृष्ठ आणि आतील दोन-तीन पाने यांची थेट तपासणी करावी. तिथे गूगलला पान जसे दिसते तसे दिसते, आणि आपल्या डोळ्यांपेक्षा त्या दिवशी गूगलचे डोळे अधिक महत्त्वाचे असतात.

पुढचे पंधरा दिवस

पहिल्या काही दिवसांत गूगलबॉटच्या फेऱ्या कमी झालेल्या दिसतात. नवा सर्व्हर किती भार सोसेल हे गूगलला ठाऊक नसते, म्हणून ते आधी हात आखडता घेते आणि उत्तरे नीट मिळू लागली की फेऱ्या पुन्हा वाढवते. या काळात घाबरून परत फिरणे किंवा आणखी काही बदलणे हे दोन्ही चुकीचे आहे. क्रमांकात एखाद-दुसऱ्या जागेची वर-खाल एरवीही होत असते.

सर्च कन्सोलच्या सेटिंगमध्ये क्रॉल स्टॅट्स नावाचा अहवाल असतो आणि या पंधरवड्यात दररोज पाहावा असा तोच एक अहवाल आहे. रोबोट्स फाइल, डीएनएस आणि सर्व्हरची जोडणी या तिन्हींची प्रकृती तिथे दिसते. सोबत उत्तराचा सरासरी वेळ आणि कोणत्या संकेताची किती उत्तरे मिळाली हेही दिसते. ४०४ किंवा ५०० च्या घरातील उत्तरांचा वाटा वाढलेला दिसला तर त्यांची उदाहरणे उघडून पत्ते पाहावेत. बहुधा सुटलेला एखादा फोल्डर किंवा हरवलेला नियम सापडतो आणि तो त्याच दिवशी जागेवर ठेवला तर पाने परत येतात. भेटींचा अहवाल दोन-तीन दिवस मागे असतो, त्यामुळे त्यावरून पहिल्या आठवड्यात निष्कर्ष काढू नये. तीन-चार आठवड्यांनंतर मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी, पानवार आणि शोधशब्दवार तुलना करावी. सगळीच पाने सारखी घसरली असतील तर अडथळा सर्व्हर, फायरवॉल किंवा कुलपाचा असतो. ठरावीक पानेच घसरली असतील तर त्या पानांचे पत्ते, शीर्षके किंवा छायाचित्रे तपासावीत.

जुने होस्टिंग केव्हा बंद करावे, याचे उत्तर जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदींत, मिळते. तिथे गूगलबॉटच्या आणि माणसांच्या भेटी हळूहळू घटत जातात. त्या शून्यावर आल्या, ईमेलही नव्या जागी नीट येत असले आणि डीएनएसची नोंदवही जुन्या होस्टिंगवर उरलेली नसली, म्हणजे जुन्या जागेचा एक शेवटचा बॅकअप घ्यावा, टीटीएल पुन्हा वाढवून ३,६०० किंवा त्याहून अधिक करावा आणि मगच जुने खाते बंद करण्याचा अर्ज द्यावा. तो अर्ज, नव्या होस्टिंगच्या मुदतीची तारीख आणि चारही खात्यांचे तपशील मालकाच्या वहीत त्याच्या हाताने लिहून घ्यावेत.